रोजची भाकर : ख्रिस्ती विश्वासातून आत्म्याचे पोषण कसे मिळवावे

इस्राएल लोक मिसर देशातील गुलामगिरीतून सुटून रानात आले आणि उपासमारीने कुरकुर करू लागले, तेव्हा परमेश्वराने त्यांना मान्ना दिला. ही हकिकत बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. तिच्यातील चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्या अन्नाबरोबर आलेले नियम फारसे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाने, गोळा करायचे होते. ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. काहींनी उद्याची तरतूद म्हणून सकाळपर्यंत ठेवून पाहिले, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती आणि ते मात्र नासले नाही. हा क्रम ४० वर्षे चालला.

आत्मिक पोषणाविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या नियमांत आले आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण वर्षातून एकदा उपवास-प्रार्थनेच्या शिबिराला जातात, नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणाला मन भरून येते, एखादे प्रवचन अंतःकरणाला भिडते, आणि त्या शिदोरीवर पुढचे कित्येक महिने निघतील अशी अपेक्षा आपण करतो. ते निघत नाहीत. मग 'माझा विश्वासच कच्चा असावा' असा निष्कर्ष आपण काढतो. बहुतेक वेळा विश्वास कच्चा नसतो; माणूस फक्त उपाशी असतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागितलेली भाकर रोजची आहे आणि ती 'आज' दे असे म्हटले आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या रोजच्या भाकरीची सोय घरात कशी लावावी याविषयी आहे. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, म्हणून माझी भाषा तिकडची आहे. परंतु वसईतील किंवा गोव्यातील कॅथलिक वाचकालाही यातील बहुतेक गोष्टी आपल्याच वाटतील असा मला भरवसा आहे.

पहिली पायरी : वेळ आणि जागा आधी ठरवा

माझ्या आजीला वाचता येत नव्हते. ती पहाटे चूल पेटवायची आणि माझ्या वडिलांना, ते शाळकरी असताना, शास्त्रातले एकच वचन वाचायला लावायची; एकापेक्षा जास्त नाही. वडील वचन वाचत आणि ती भाकरी थापता थापता ते पुटपुटत राही. शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत ते वचन तिचे झालेले असे. वडील सांगत की दुपारी शेतात खुरपतानाही तिच्या तोंडून तेच वचन ऐकू येई. ध्यान, चिंतन, मनन हे शब्द तिने कधी वापरले नाहीत, पण शास्त्राचा अभ्यास केलेल्या अनेकांपेक्षा ती त्या बाबतीत पुढे होती, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

तिच्याकडून घेण्यासारखी गोष्ट अशी की तिने उपासनेसाठी वेगळा वेळ शोधला नाही, तर जो वेळ रोज नक्की येणारच होता त्याला ती जोडून टाकली. आपणही तेच करावे. 'वेळ मिळेल तेव्हा वाचीन' असे म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. सकाळचा चहा, लोकलचा प्रवास, मुले शाळेत गेल्यानंतरची १५ मिनिटे, रात्रपाळीवरून परतल्यावर हातपाय धुऊन बसण्याचा क्षण, यांपैकी जे तुमच्या दिवसात आधीच पक्के आहे ते निवडावे. येशू पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांतात प्रार्थनेला गेला असे मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे, म्हणून पहाटेची वेळ उत्तम हे खरे. परंतु तान्हे बाळ असलेल्या आईने किंवा रात्री दोन वाजता कामावरून परतणाऱ्या माणसाने पहाटेच उठले पाहिजे असा कायदा कोणी करू नये.

आरंभी १५ मिनिटे पुरेत. एक तासाचा संकल्प सहसा दुसऱ्या आठवड्यात मोडतो, आणि मोडलेल्या संकल्पाची लाज माणसाला पुस्तकापासून अधिकच दूर नेते. जागाही एकच ठेवावी. दोन खोल्यांच्या घरात ती खिडकीजवळची खुर्ची असली तरी चालेल. मोबाइल त्या खुर्चीपासून दूर ठेवावा. मोबाइलवर बायबल वाचणे पाप नाही, पण वचनाच्या मध्येच गॅस सिलिंडरचा संदेश आला की मन पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. म्हणून शक्य असेल तर छापील प्रतच वापरावी.

दुसरी पायरी : कोणते बायबल घ्यावे आणि कोठून सुरुवात करावी

मराठीत नवा करार प्रथम १८११ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने छापून निघाला. तेव्हापासून भाषांतरांची परंपरा अखंड चालू आहे. आज प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेच्या वेळी बहुधा बायबल सोसायटीचे जुने, भारदस्त भाषांतर वाचले जाते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, खेड्यातील कमी शिकलेल्या बाईलाही समजावे या हेतूने संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. त्या १९२२ साली निवर्तल्या आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आजच्या प्रवाही मराठीत आहे, आणि त्याला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.

माझा सल्ला असा, की रोजच्या वाचनासाठी एकच भाषांतर धरावे आणि ते वर्षभर बदलू नये, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडल्याशिवाय पाठ होत नाहीत. एखादी ओळ अडली तरच दुसरे भाषांतर उघडावे. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात आणि कॅथलिक बायबलात ७३. या फरकाने नवख्या वाचकाने गोंधळून जाऊ नये, कारण चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाची चार कथने, आणि स्तोत्रे दोन्हींत आहेत आणि आपली सुरुवात तेथूनच व्हायची आहे.

उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एका वर्षात वाचून काढण्याच्या योजना पुष्कळ जण जानेवारीत सुरू करतात. मीही तीनदा केली आणि तिन्ही वेळा लेवीय पुस्तकातील अर्पणांच्या नियमांत थांबलो. संपूर्ण शास्त्र वाचावेच, पण ते पहिले काम नव्हे. आरंभ मार्काच्या शुभवर्तमानापासून करावा. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे. घटना भराभर घडतात, आणि येशू कोण आहे हा प्रश्न वाचकाला पहिल्या पानापासून सोडत नाही. एखाद्या रविवारी दुपारी ते सबंध मोठ्याने वाचून पाहावे. सुमारे दीड-दोन तास लागतात. त्यानंतर रोज एकेक लहान प्रसंग घ्यावा. सोबत रोज एक स्तोत्र असावे. स्तोत्रे १५० आहेत, म्हणजे पाच महिन्यांत सर्व एकदा होतात. ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, ते मात्र आठ-दहा दिवसांत वाटून घ्यावे.

तिसरी पायरी : वाचायचे म्हणजे चावायचे

वर्तमानपत्र वाचताना आपण मजकुरातून माहिती काढून घेतो आणि कागद बाजूला टाकतो. त्याच सवयीने शास्त्र वाचले तर 'हे तर मला माहीत आहे' असे वाटून डोळे पुढे सरकतात आणि पोटात काही जात नाही. पहिल्या स्तोत्रात धन्य मनुष्य परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे म्हटले आहे; तेथील मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ मनातल्या मनात विचार करणे एवढाच नाही, तर हळू आवाजात पुटपुटणे असाही आहे. माझी आजी चुलीपुढे करत होती ते नेमके हेच. युरोपातील मठवासी या क्रियेला गाईच्या रवंथाची उपमा देत. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या, कार्थुसियन मठसंघातील संन्याशाने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत दर्शन. शब्द जड वाटतात, कृती सोपी आहे. ती प्रत्यक्ष कशी करावी हे दाखवण्यासाठी मी १३१वे स्तोत्र घेतो, कारण त्यात तीनच वचने आहेत आणि त्याचा विषयही पोषणाचाच आहे.

पुस्तक उघडण्यापूर्वी मिनिटभर स्वस्थ बसावे आणि एका वाक्यात पवित्र आत्म्याचे साहाय्य मागावे. मग ती तीन वचने मोठ्याने, सावकाश वाचावीत. थोडे थांबून पुन्हा वाचावीत. पहिल्या वचनात कवी सांगतो की माझे हृदय गर्विष्ठ नाही, माझी नजर उंचावर नाही, माझ्या आवाक्यापलीकडच्या मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की मी माझा जीव शांत केला आहे. दूध तुटलेले मूल आईजवळ असते तसा माझा जीव माझ्या ठायी आहे. तिसऱ्यात तो सर्व इस्राएलाला परमेश्वराची आशा धरायला सांगतो.

तिसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द आपल्याला अडवतो. तो शोधायचा नसतो. जिथे मन आपोआप रेंगाळते तेथे थांबायचे असते. मला या स्तोत्रात दर वेळी 'दूध तुटलेले' याच शब्दांनी अडवले आहे. अंगावर पिणारे बाळ आईजवळ आले की त्याला दूध हवे असते. मिळेपर्यंत ते रडते, धडपडते, पदर ओढते. दूध सुटलेले मूल आईजवळ येते ते आईसाठी. त्याला काहीही नको असते, ते नुसते मांडीवर टेकते आणि स्वस्थ होते. हे लक्षात आले तेव्हा मी स्वतःलाच विचारले की मी देवाकडे जातो तेव्हा पदर ओढायला जातो की मांडीवर टेकायला. येथे मनन संपते आणि प्रार्थना आपोआप सुरू होते, कारण या प्रश्नाचे उत्तर मला दुसऱ्या कोणाला नाही तर देवालाच द्यायचे असते. त्याला जे सांगायचे ते साध्या शब्दांत सांगावे, आणि सांगून झाल्यावर दोन मिनिटे काहीही न बोलता बसून राहावे. ही ग्विगोची चौथी पायरी, शांत दर्शन. त्या दोन मिनिटांत विशेष काही जाणवलेच पाहिजे असे नाही. मांडीवर टेकलेल्या मुलालाही विशेष काही जाणवत नसते.

शेवटी तो एक शब्द किंवा तेवढेच वाक्य एका वहीत तारखेसह लिहावे आणि दिवसभर सोबत न्यावे. बसच्या रांगेत, भाजी निवडताना, फाइल उघडण्यापूर्वी ते एकदा ओठांवर आणावे. याचा परिणाम सावकाश दिसतो. सहा-सात महिन्यांनी एखाद्या कठीण प्रसंगी, रुग्णालयाच्या बाकावर किंवा भांडणाच्या ऐन भरात, ते वाक्य न बोलावता मनात येते, तेव्हा आपण इतके दिवस काय साठवत होतो ते कळते.

चौथी पायरी : प्रार्थना, आणि तिच्यातील गाऱ्हाणे

सार्वजनिक प्रार्थनेची एक ठरीव भाषा आपल्याकडे रुळली आहे आणि तिला तिचे सौंदर्य आहे. परंतु एकांतातील प्रार्थना घरच्या बोलीत करावी. वसईचा माणूस आईशी सामवेदीत किंवा वाडवळीत बोलत असेल तर देवाशीही त्याच बोलीत बोलावे. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या आणि रविवारी इंग्रजी उपासनेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मी आग्रहाने सांगतो की घरातील प्रार्थना मराठीतच राहू द्यावी, कारण दुःखाच्या वेळी तोंडातून जी भाषा निघते ती हीच असते.

काय मागावे हे सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना चौकट म्हणून वापरावी: एकेक वाक्य म्हणावे आणि तेथे थांबून आपली गोष्ट त्यात ओतावी. 'आमची रोजची भाकर' म्हटल्यावर घराचा हप्ता, मुलीची फी, शेजारच्या बांधकामावरील मजुरांची कामे यांची आठवण करावी. 'आमचे' हा शब्द एकट्याचा नाही. 'आम्ही आमच्या ऋण्यांस सोडले आहे' येथे आल्यावर ज्या माणसाचे नाव घेताना घसा आवळतो त्याचे नाव घ्यावे. हे वाक्य भराभर उरकण्याचा मोह मला आजही होतो.

एका गोष्टीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. आपल्या घरांत असे शिकवले जाते की विश्वासणाऱ्याने नेहमी स्तुतीच करावी आणि तक्रार करणे म्हणजे अविश्वास. शास्त्र तसे सांगत नाही. स्तोत्रसंहितेतील फार मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. १३व्या स्तोत्राचा आरंभच 'हे परमेश्वरा, किती वेळ?' अशा प्रश्नाने होतो, आणि हा 'किती वेळ' पहिल्या दोनच वचनांत चार वेळा येतो. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला आशेचे शेवटचे कडवे जोडण्याची गरज शास्त्राला वाटली नाही. खुद्द येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्राचा पहिला आक्रोश उच्चारला. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, ज्या स्त्रीला घरातच मार खावा लागतो, तिला 'आनंद करा' हे वचन वाचून दाखवण्यापूर्वी तिच्या हातात १३वे स्तोत्र द्यावे. गाऱ्हाणे घालणारा माणूस देवाकडे पाठ फिरवत नाही; ऐकणारा कोणीतरी आहे या विश्वासानेच गाऱ्हाणे घातले जाते. म्हणून अशा दिवसांत आपले गाऱ्हाणे कागदावर लिहून काढावे, देवासमोर मोठ्याने वाचावे, आणि शेवट गोड करण्याची घाई करू नये.

पाचवी पायरी : गाणे

मराठी ख्रिस्ती माणसाचे पुष्कळसे धर्मज्ञान गाण्यांतून आले आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत ख्रिस्तकथा सांगितली, ती १६१६ साली छापली गेली. आणि तीन शतकांनंतर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, अहमदनगरच्या परिसरात अभंग आणि भजन ही उपासनेचीच भाषा करून टाकली. हे धन आपल्या हाताशी आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी, पेटी असो वा नसो, घरातल्या सर्वांनी मिळून 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडावे आणि एकच गीत सर्व कडव्यांसह म्हणावे. महिनाभर तेच गीत ठेवावे. एकटे राहणाऱ्याने स्वयंपाक करताना म्हणावे. सूर लागला नाही तरी हरकत नाही.

सहावी पायरी : रात्रीचा झाडा

लोयोलाच्या संत इग्नाशियसने सोळाव्या शतकात आपल्या सोबत्यांना दिवसाचे परीक्षण करण्याची जी रीत शिकवली ती आजही तितकीच उपयोगी आहे आणि तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. अंथरुणावर बसून आधी दिवसभरातील दोन-तीन गोष्टींसाठी आभार मानावेत, आणि त्या नेमक्या असाव्यात: 'सर्व आशीर्वादांसाठी' असे न म्हणता 'आज दुपारी सहकाऱ्याने माझे काम उचलले त्याबद्दल' असे म्हणावे. नंतर प्रकाश मागावा, आणि सकाळपासून दिवस क्रमाने डोळ्यांपुढून जाऊ द्यावा. कोठे जीव हलका झाला, कोठे कठोर झाला, कोणाशी बोलताना आपण खोटे वागलो, हे पाहावे. जे चुकले त्याची क्षमा मागावी आणि उद्याची एक गोष्ट ठरवावी.

येथे दोन धोके आहेत. काही जण हे परीक्षण स्वतःला चाबूक मारण्यासाठी वापरतात. त्यांनी आभाराचा भाग कधीही गाळू नये आणि तो दोषांपेक्षा मोठा ठेवावा. काहींचे मन एकाच जुन्या पापाभोवती वर्षानुवर्षे फिरत राहते. त्यांनी ते एकट्याने वाहू नये. कॅथलिक व्यक्तीला प्रायश्चित्त संस्काराची सोय आहे. प्रॉटेस्टंट व्यक्तीनेही याकोबाच्या पत्रातील 'एकमेकांजवळ पापे कबूल करा' हा उपदेश अक्षरशः घ्यावा आणि पाळकसाहेब किंवा गुपित राखणारा एखादा वडीलधारा विश्वासणारा यांच्यापाशी ते बोलून टाकावे.

सातवी पायरी : मेजाभोवती

आतापर्यंत सांगितलेले सर्व एकट्याने करता येते, आणि म्हणूनच ते अपुरे आहे. प्रभूने आपल्या आठवणीसाठी ग्रंथ किंवा मूर्ती मागे ठेवली नाही, जेवण ठेवले. आणि जेवणाला इतर माणसे लागतात. कॅथलिक वाचकाला रोजच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधील प्रभुभोजनाच्या उपासनेची, संधी असते, ती आठवड्यात रविवारखेरीज आणखी एकदा घ्यावी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन अनेक ठिकाणी महिन्यातून एकदा असते, म्हणून त्याची तयारी आदल्या संध्याकाळीच करावी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी गेल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. तेव्हा शनिवारी संध्याकाळी तो एक फोन करावा. समोरचा उचलेल की नाही हे आपल्या हाती नाही.

करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई, यासाठी प्रेषित पौलाने त्यांची कडक कानउघाडणी केली. आपल्या मंडळीत भोजनानंतर कोण एकटा घरी जातो, कोणाशी जातीच्या जुन्या आठवणीमुळे अजूनही अंतर ठेवले जाते, हे पाहणे हा प्रभुभोजनाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

मंडळी निवडताना एक सावधगिरी बाळगावी. आजारी माणसाला औषध बंद करायला सांगणारा, दानाच्या रकमेवर आशीर्वादाचे माप ठरवणारा, किंवा कोणालाही प्रश्न विचारू न देणारा पुढारी कितीही प्रभावी बोलत असला तरी तेथे पोषण मिळणार नाही. तेथून निघावे आणि निघाल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये.

आठवी पायरी : वाढायला उभे राहा

योहानाच्या चौथ्या अध्यायात शिष्य गावातून अन्न घेऊन येतात आणि येशूला जेवायचा आग्रह करतात, तेव्हा तो म्हणतो की ज्याने मला पाठवले त्याच्या इच्छेप्रमाणे करणे हेच माझे अन्न आहे. त्याआधी थकलेला, तहानलेला येशू शोमरोन प्रांतातील एका परक्या बाईशी मनापासून बोलला होता, आणि त्या बोलण्यानेच त्याचे पोट भरले. सेवेने माणूस रिकामा होतो ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुलींना केडगावला आणले, त्यांना खाऊ घातले, शिकवले, आणि त्या गर्दीतच त्यांचे प्रार्थनाजीवन अधिक खोल गेले. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. दर आठवड्याला एक ठरावीक माणूस आणि एक ठरावीक तास पुरे आहे: वृद्ध शेजाऱ्याला बँकेत नेणे, मोलकरणीच्या मुलाचा गणिताचा अभ्यास घेणे, सरकारी रुग्णालयात एका अनोळखी रुग्णाला घरचा डबा पोहोचवणे. उपवासकाळात तर यशयाचा ५८वा अध्याय समोर ठेवावा. तेथे देवाला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटणे, असे स्पष्ट लिहिले आहे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून जे जेवण किंवा खर्च सोडला त्याचे पैसे बाजूला काढून पुनरुत्थानाच्या सणापूर्वी कोणाच्या तरी हातात पडले पाहिजेत.

कोरडे दिवस आले तर

ते येतातच. वचन वाचले तरी शब्द लाकडासारखे वाटतात, प्रार्थना छताला आपटून परत येते, भजनाला जाववत नाही. अशा वेळी बायबलमधील '१ राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडावा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आल्यावर दुसऱ्याच दिवसाच्या धमकीने खचला, रानात एका झुडपाखाली बसला आणि मरण मागून झोपी गेला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या विश्वासाची झडतीही घेतली नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची कुपी उशाशी ठेवली आणि 'ऊठ, खा' एवढेच म्हटले. एलीयाने खाल्ले, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला तसे झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची होती. देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती यानंतर, ४० दिवसांच्या चालीनंतर.

म्हणून कोरडेपणा आला की आधी झोप, जेवण आणि कामाचा ताण पाहावा. दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. ते औषधही देवाच्या हातची भाकर समजावी. शरीर ठीक असूनही कोरडेपणा राहिला तर वाचन कमी करावे पण सोडू नये: दिवसाला एकच वचन, एकच ओळीची प्रार्थना, आणि तीही जमली नाही तर मंडळीत जाऊन इतरांच्या प्रार्थनेत नुसते बसून राहावे. स्वतःला गाता येत नसेल तेव्हा दुसऱ्यांनी आपल्यासाठी गावे, यासाठीच मंडळी असते.

पहिला आठवडा

आज रात्री झोपण्यापूर्वी ठरवलेल्या खुर्चीजवळ बायबल, वही, पेन आणि चष्मा ठेवावा, आणि खूण मार्काच्या पहिल्या अध्यायावर असावी. सोमवारी १ ते ८ वचने वाचावीत आणि १ले स्तोत्र घ्यावे. मंगळवारी ९ ते १३ आणि २रे. असे रोज थोडे पुढे जावे. बुधवारपासून रात्रीचा झाडा सुरू करावा, त्याआधी नाही, कारण एकाच वेळी सगळे सुरू केले की काहीच टिकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरात एक गीत म्हणावे. शनिवारी तो राहिलेला फोन करावा. रविवारी मंडळीत जाताना वहीतले आठवड्याचे एक वाक्य मनात न्यावे आणि उपासनेनंतर ते एका माणसाला सांगावे.

मधला एखादा दिवस चुकेल. पाहुणे येतील, ताप येईल, किंवा नुसताच कंटाळा येईल. चुकलेल्या दिवसाचे वाचन दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये. बुधवारचे राहिले असेल तर ते तसेच सोडावे, आणि गुरुवारी सकाळी गुरुवारचेच वाचावे.